पाचोळ्यावरून खाडीकडे: येऊर, ऐरोली, नेरूळ, कमीत कमी आवाजात

फाल्गुन शुद्ध अष्टमी ते दशमी, म्हणजे होळीच्या आधीचे शुक्रवार, शनिवार, रविवार. हेच दिवस धरण्याचं कारण सरळ आहे. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या रानात सागाचा पाचोळा सगळ्यात कडक वाजतो तो याच सुमारास, आणि ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) अजून मुक्कामाला असतात. पावसाळ्यात भिजलेल्या पानांवरून कोणीही बिनआवाज चालेल. बिनआवाज चालायला शिकायचं तर फाल्गुनात. माणसं चार, त्याहून जास्त नकोत. पाचवा आला की दोन टोळ्या पडतात आणि कुजबुज सुरू होते.

शुक्रवार : उपवन

पहिल्या दिवशी रानात जायचंच नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ठाण्यातल्या उपवन तलावाच्या काठी जमायचं, आणि उद्या जे घालणार, पाठीवर जे घेणार ते सगळं चढवून यायचं. एकाने पाच पावलांवर डोळे मिटून उभं राहायचं, दुसऱ्याने जागच्या जागी दहा उड्या मारायच्या. जे वाजेल ते ऐकणाऱ्याने सांगायचं. किल्ल्या, सुटे पैसे, सॅकच्या चेनला लोंबणारी धातूची टोकं, डब्यात हलणारा चमचा, बेल्टचं बक्कल. यादी नेहमी अपेक्षेपेक्षा लांब निघते.

उपाय स्वस्त आहेत. किल्ल्यांचा जुडगा रुमालात घट्ट गुंडाळायचा. चेनचं टोक काढून तिथे जाड दोऱ्याचा फास बांधायचा. वेल्क्रोचा खिसा रानात उघडायचाच नाही, त्यातलं सामान आधीच दुसरीकडे हलवायचं. पाण्याच्या बाटलीची गंमत अशी की भरलेली वाजत नाही, रिकामी वाजत नाही, अर्धी मात्र प्रत्येक पावलाला बोलते. म्हणून मोठ्या बाटल्यांऐवजी अर्ध्या लिटरच्या घ्याव्यात आणि थांब्यावर चौघांत एकच फिरवून संपवावी. फोन व्हायब्रेटवर ठेवून भागत नाही. शांत रानात खिशातली घरघर शेजारच्याला स्पष्ट ऐकू येते. फ्लाइट मोड.

कपडे जुने, खूप धुतलेले सुती. नव्या कापडाला खळ असते, ती सळसळते. ट्रॅकपँट आणि विंडचीटर तर मांडीला मांडी घासली की बोलतात. रंग मातकट, खाकी, मेंदी. पांढरा शर्ट नकोच, त्यातही नीळ किंवा चकाकी देणारी पावडर घातलेला तर मुळीच नको. हरणांना लाल-नारिंगी नीट ओळखू येत नाही, पण निळा चांगला दिसतो, आणि धुण्याच्या पावडरीतली चकाकी त्यांना उजळ निळसर भासते. बूट पातळ रबरी तळव्याचे, कॅनव्हासचे. जाड ट्रेकिंगच्या बुटात पायाला खालची काडी कळत नाही. कळते तेव्हा ती मोडलेली असते. अनवाणी चालणं ऐकायला छान वाटतं, पण येऊरच्या काट्यांत आणि विंचवांत ते करू नये. बूट करकरत असेल तर आतला तळवा काढून खाली थोडी टाल्कम पावडर भुरभुरावी.

खाणं म्हणजे चपाती-भाजीची गुंडाळी, गूळ, भाजलेले शेंगदाणे, सगळं सुती फडक्यात. चिवड्याचं पाकीट नको, ते उघडायचा आवाज चिवड्याहून मोठा. खोकल्यासाठी खिशात खडीसाखर हवीच. सकाळच्या गारव्यात घसा हमखास खवखवतो, आणि दाबून धरलेला खोकला शेवटी दुप्पट जोराने येतो. अत्तर, डिओ, वासाचं तेल आदल्या रात्रीपासून बंद.

सामान आटोपलं की पावलाचा सराव. गच्चीवर किंवा मैदानाच्या कडेला वर्तमानपत्रं पसरून त्यावर वाळकी पानं टाकली की झालं. गुडघे जरासे वाकलेले, दोन्ही पायांत वीतभर अंतर, हात सैल. पुढचा पाय नेहमीपेक्षा थोडा जास्त वर उचलायचा, म्हणजे बोटं गवताला अडकत नाहीत. मग चवड्याची बाहेरची कड आधी टेकवायची, तिथून आतल्या बाजूला चवडा उतरवायचा, मग टाच. एवढं होईपर्यंत सगळा भार मागच्या पायावरच. खाली काडी, खडा किंवा पोकळ पान लागलं तर पाय तसाच उचलून दोन बोटं बाजूला न्यायचा. जागा पटली तरच भार पुढे सरकवायचा. नेहमीच्या चालण्यात आपण पुढे पडतो आणि पायाने स्वतःला सावरतो. इथे कुठल्याही क्षणी पाय परत घेता आला पाहिजे. मोकळ्या जमिनीवर असं एक पाऊल तीन-चार सेकंदांचं, पाचोळ्यात आठ-दहा सेकंदांचं.

चुकतं कुठे तेही ठरलेलं आहे. मागचा गुडघा ताठ झाला की पुढचं पाऊल आदळतं. नजर पायाशी लागली की मान पुढे जाते आणि तोल बिघडतो. श्वास रोखून धरला की मिनिटभराने मोठा उसासा बाहेर पडतो. आणि पंधरा-वीस मिनिटांत मांड्या भरून येतात. तेव्हा सरळ थांबावं, दमलेल्या पायाने शांत चालता येत नाही.

नजर पायाशी नको तर कुठे? दोन्ही हात डोळ्यांच्या पातळीत समोर धरायचे, बोटं हलवत हळूहळू बाजूला न्यायचे आणि नजर तलावापलीकडच्या एकाच झाडावर ठेवायची. हात जवळजवळ खांद्यांच्या रेषेत गेले तरी बोटांची हालचाल दिसत राहते. बोटं ओळखू येत नाहीत, हालचाल मात्र कळते, आणि रानात आधी हालचालच हवी असते. त्याच पसरट नजरेने तलावाकाठी दहा मिनिटं बसायचं. वंचक (छोटा मातकट बगळा) इतका वेळ समोरच होता हे तेव्हा लक्षात येतं.

शनिवार : येऊर

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं. ठाण्याच्या अंगाला येऊर. वन खात्याच्या नाक्याशी उजाडायच्या आधीच पोचायचं, दार उघडेपर्यंत बाहेरच थांबायचं. रात्री आत शिरण्याची परवानगी नाही आणि बिबट्याच्या रानात तशी हौसही नसावी.

ही वाट पाहण्याची वेळ डोळ्यांच्या कामाची. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळलेला, तेव्हा अंधार चांगला असतो. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि फोनचा पडदा एकदा उजळला की सगळं पहिल्यापासून. टॉर्च लागलाच तर लाल कागद लावून. अंधारात काम करणाऱ्या पेशींना गडद लाल प्रकाश जवळपास जाणवत नाही. अंधुक वस्तूकडे थेट पाहू नये, तिच्या जरा बाजूला पाहावं. डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मध्यावर या पेशी नसतात, म्हणून रोखून पाहिलं की समोरचा दगड गायब होतो आणि नजर हलवली की परत येतो.

तेवढ्यात वारा तपासायचा. चिमूटभर चुलीची राख पातळ फडक्यात बांधून आणलेली असते, तिला टिचकी मारली की पुरे. येऊरचे हे उतार पूर्वेकडे, शहराकडे तोंड करून आहेत. रात्रभर गार झालेली हवा पहाटे उतारावरून खाली सरकते, म्हणजे वर चढणाऱ्याच्या तोंडावर येते. ऊन उतारावर पडून जमीन तापली की, साधारण नऊच्या पुढे, तीच हवा उलटी फिरून वर जाऊ लागते. म्हणून पहाटे चढायचं आणि वारा फिरला की उतरायला लागायचं. दोन्ही वेळा वारा समोरून, आपला वास मागे. उशिरा येऊन दहा वाजता चढायला लागणाऱ्यांच्या आधी त्यांचा वास वर पोचलेला असतो. पक्ष्यांना त्याचं फारसं काही नाही, पण चितळ आणि भेकर त्यावरच जगतात.

दार उघडल्यावर पहिला तास सगळ्यात मोलाचा, कारण दव. सागाचं वाळकं पान हातभर लांब असतं आणि सुकताना कडा आत वळून त्याची वाटी होते. पाय पडला की मोडते ती ही वाटी, तोच कडाका लांब जातो. दवाने पान मऊ असेपर्यंत वाटी दबते, मोडत नाही. साडेआठनंतर ही सवलत संपते. मग पानावर पाय द्यायचाच नाही, बुटाचं टोक पानाच्या कडेखाली सरकवून जमीन शोधायची. तेही जमत नसेल तर पाय सरळ वरून, अगदी सावकाश दाबायचा. एका मोठ्या कडाक्याऐवजी चार बारीक चुरचुरी होतात, आणि त्या खारीच्या चालण्यात खपून जातात. ऐन आणि कुड्याची पानं त्यामानाने सोसतात. बांबूच्या बेटाखाली मात्र पानांपेक्षा सालपटांची भीती, ती बंदुकीसारखी फुटतात. वाट सोडून आत शिरू नये. नियम म्हणून तर नाहीच, शिवाय वाटेवरची धूळ हीच रानातली सगळ्यात शांत जमीन.

ताल हा पावलाच्या आवाजाहून मोठा शत्रू. टप-टप-टप असं एकसारखं दोन पायांवर चालणारं जनावर रानात एकच. म्हणून तीन पावलं, थांबा; पाच पावलं, जास्त थांबा; मग दोनच. वाऱ्याची झुळूक आली, वरून विमान गेलं, खाली घोडबंदर रोडवर एखाद्या ट्रकने हॉर्न दिला, तेव्हा अवघड पावलं उरकून घ्यायची. शहराचा गोंगाट अगदीच फुकट जात नाही तो असा. या चालीने शंभर मीटरला दहा-बारा मिनिटं तरी लागतात. ज्यांना सकाळी पाच किलोमीटर पूर्ण करायचे असतात त्यांनी येऊरच्या डांबरी रस्त्यावरून फेरी मारावी, ते आरोग्याला चांगलं.

पाड्यावरच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन, मोठ्याने गप्पा मारत याच वाटेने जातात आणि वानरं मान वर करत नाहीत. त्यांची वाट रोजची, चाल रोजची, नजर वाटेवर. आपण मात्र दबकत, रोखून बघत, सरळ जनावराच्या दिशेने येतो, म्हणजे शिकाऱ्याची सगळी लक्षणं दाखवतो. चितळ दिसलं की नजर थोडी बाजूला ठेवावी, तिरकी वाट धरावी, त्याने मान वर केली की आहे त्या स्थितीत थांबावं आणि ते पुन्हा चरायला लागल्यावरच हलावं. त्याने पुढचा पाय उचलून आपटला तर समजावं की हिशोब संपला. वाकून, दबून चालण्याचा मोह तर टाळावाच. बिबट्याच्या रानात माणसाने आपली उंची कमी करू नये. लहान मुलं मध्ये, आणि अंधार पडायच्या आत बाहेर.

शांत चालण्याला एक धोका चिकटलेला आहे, तो कोणी सांगत नाही. धपाधप चालणाऱ्याच्या पायाची थरथर सापाला आधी कळते आणि तो सरकून जातो. आपण ती सूचनाच काढून घेतो. घोणस आणि फुरसं दोन्ही पाचोळ्याच्या रंगाची, आणि दोन्ही जागेवर बसून राहणारी. म्हणून पाऊल ठेवण्याची जागा थांब्यावर असतानाच, पुढच्या तीन पावलांपर्यंत बघून ठेवायची. दगडापलीकडे, ओंडक्यापलीकडे न दिसणाऱ्या जागी पाय टाकायचा नाही. तिथे आधी काठी टेकवायची, आवाज झाला तरी चालेल.

साडेसातच्या सुमाराला बसायची वेळ. जागा अशी की पाठीला जाड खोड, समोर थोडा उजेड, आणि शक्य तर फुललेला पळस किंवा काटेसावर नजरेत. वर आधी बघून घ्यायचं, आग्या मोहोळ असेल तर दुसरीकडे. बसल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं काही घडत नाही, कारण आपण आल्याची खबर अजून फिरत असते. हळूहळू बुलबुल खाली उतरतात, मग शिंजीर, मग सातभाई पानं उलथत अगदी जवळून जातात. बहुतेक लोक बाराव्या मिनिटाला उठतात, म्हणून त्यांना येऊरमध्ये काही नाही असं वाटतं.

कानाचा सराव इथे करायचा. कागदावर मध्ये फुली, ती आपण. दहा मिनिटांत जो आवाज येईल तो दिशा आणि अंतर धरून खुणेने मांडायचा. तळवे कानांमागे वाटीसारखे धरले की समोरचा आवाज ठळक होतो आणि मागचा दबतो. तोंड किंचित उघडं ठेवलं की स्वतःच्या श्वासाची सूं-सूं कमी होते. डावं-उजवं कानाला लगेच कळतं, समोर की मागे यात मात्र तो फसतो. मान थोडी वळवून पुन्हा ऐकलं की उलगडा होतो.

कागदावर आवाज मांडले की कोण कोणावर ओरडतंय ते वाचता येतं. सातभाई खाली जमिनीजवळ एकाच जागी कलकलाट करत राहिले तर साप, मुंगूस किंवा मांजरकुळातलं काही. गलका सरकत चालला तर ते जनावर चालतंय. एकदम सगळं चिडीचूप होऊन एखादीच बारीक लांब शीळ आली तर वर बघावं, शिक्रा असतो. ती बारीक शीळ कुठून आली ते ठरवणं कानाला फार कठीण जातं, आणि शीळ घालणाऱ्याला तेच हवं असतं. वानराचा खणखणीत खकार आणि त्याच बाजूने चितळाची टोकदार हाक, दोन्ही लागोपाठ आल्या तर बिबट्याची शक्यता धरावी. एकट्या आवाजावर भरवसा ठेवू नये. भृंगराज कोतवाल इतरांच्या हाका हुबेहूब काढतो, आणि नाक्याजवळची माकडं खाऊच्या पिशवीसाठीही तेवढीच ओरडतात.

उतरताना धुळीकडे लक्ष. कुत्र्याच्या पावलाला नखांच्या खुणा असतात, बिबट्याच्या सहसा नसतात, आणि त्याच्या मागच्या गादीला खालून तीन गोलाई दिसतात. ठसा कधीचा हे दव सांगतं. झाडांवरून टपकलेल्या दवाने धुळीवर बारीक खळगे पडतात. ठशाच्या आतही तसेच खळगे असतील तर जनावर रात्री गेलं. खळगे दबून ठसा गुळगुळीत असेल तर ते टपटप थांबल्यावर, म्हणजे पहाटेनंतर. वर मुंगीची किंवा किड्याची रांग उमटलेली असेल तर तेवढा वेळ मध्ये गेला. ऊन तिरपं असतानाच हे दिसतं. ठसा आपल्या आणि सूर्याच्या मध्ये येईल असं उभं राहावं.

नाकाचं काम थोडंच. मोह नुकता लागला असेल तर त्याचा गोड, आंबूस वास झाडाच्या खूप आधी येतो, आणि झाडाखाली चितळांच्या लेंड्या सापडतात. नाक एका वासाला दोन-चार मिनिटांत सरावतं, मग दोन्ही हातांत माती घेऊन हुंगायची आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दहापर्यंत नाक्यावर परत. त्यानंतर शनिवारची येऊर वेगळी. संध्याकाळच्या गाणी-बजावण्यात कानाला काही शिकवता येत नाही.

रविवार : ऐरोली आणि नेरूळ

खाडीवर घड्याळाऐवजी तिथी. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. दशमी, म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात: सकाळी साडेसात आणि संध्याकाळी साडेसात भरती, दुपारी दीडला ओहोटी. खाडीच्या आतल्या टोकाला ती थोडी उशिरा पोचते. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी चढतं-उतरतं, पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला जास्त. दशमी त्यांच्या मधली.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं, सुमारे 17 चौरस किलोमीटर, आणि 2022 पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते ती पाण्याच्या वेळेनुसार, नाव आधी नोंदवावं लागतं. पूर्ण भरतीला चिखल बुडालेला, पक्षी पांगलेले. पूर्ण ओहोटीला बोट चालत नाही. आज पाणी उतरायला लागून चिखल डोकं वर काढतो ती वेळ साडेनऊची, आणि तीच धरायची.

बोटीवर पावलाचं कसब कामाचं नाही, शरीराचं आहे. इंजिनाचा एकसुरी आवाज पक्ष्यांच्या सवयीचा. त्यांना बिथरवतो तो अचानक बदल: कोणी उभं राहिलं, हात लांब करून दाखवलं, रंगीत टोपी हलली. दाखवायचं असेल तर मांडीवर बोटाने दिशा करावी. रोहितांच्या माना हे मोजमाप. डोकं उलटं पाण्यात घालून गाळत असतील तर ठीक. चार-सहा माना सरळ वर गेल्या की तिथेच थांबावं. सगळे एकाच दिशेने चालू लागले तर पुढची पायरी उड्डाणाची, म्हणून त्याआधीच मागे सरकावं. रोहिताला उडण्यासाठी पाण्यावर धावावं लागतं. फोटोसाठी थवा उडवणं म्हणजे त्याचं खाणं खर्च करणं. अंतर तांडेलने ठरवावं, कॅमेऱ्यावाल्याने नाही.

परतल्यावर तिवरांच्या कडेला, पायवाटेवरूनच, अर्धा तास. चिखलात उतरू नये, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि तिवरांची वर आलेली श्वासमुळं मोडतात. आपण पोचताच चिखल ओसाड होतो, नुसती भोकं. खाली बसून हालचाल बंद केली की पाच-दहा मिनिटांत एकेक खेकडा कडेला डोळे काढतो, मग नर आपला एकच मोठा नांगा हलवू लागतो. त्याच्या नजरेच्या रेषेच्या वर जे हलतं ते त्याला संकट वाटतं, म्हणून उभा माणूस चालत नाही. बसलेला, दोन-तीन मीटर मागे सरकलेला चालतो. सावली चिखलावर पडता कामा नये, अकराच्या उन्हात ती आखूड असते पण पुढे वाकलं की पडतेच. निवटी (चिखलावर सरपटणारा मासा) जास्त धीट, तिला बघता येतं. सडक्या अंड्यासारखा वास हा चिखलातल्या, हवेविना जगणाऱ्या जिवाणूंचा. काही मिनिटांत तो येईनासा होतो, वास गेलेला नसतो, नाक थकलेलं असतं.

दुपार जेवणाची आणि झोपेची.

साडेपाचला नेरूळ, पाम बीच रोडच्या खाडीकडच्या अंगाचं चाणक्य तळं. भरती चढली की खाडीतला चिखल बुडतो आणि पक्षी इथल्या उथळ पाण्यात विसाव्याला येतात. साडेसातची भरती म्हणजे येण्याची वेळ साडेपाच ते साडेसहा, सूर्यास्ताच्या आसपास. बांधाच्या माथ्यावर उभं राहू नये, आकाशावर पूर्ण आकृती उमटते. उतारावर, झुडपाला पाठ लावून बसावं. सूर्य खाडीच्या बाजूला असतो, तेव्हा डोळ्यांवर भरवसा कमी आणि कानावर जास्त. तळवे कानामागे धरले की रोहितांचा हंसासारखा घोगरा गलका थवा दिसायच्या आधी येतो. इथला पहारेकरी टिटवी, आणि तिच्या जोडीला टिलवा हा चिखलातला पक्षी. दोघांपैकी एक ओरडला की लांब पायांचे शेकाटे लगेच सावध होतात. आपल्यावर ओरडत असतील तर आपण फार जवळ आलोय, सावकाश मागे सरकावं.

हेच पुढच्या रविवारी, धुळवडीनंतर करायचं असेल तर वेळ बदलते. कृष्ण द्वितीया, दोनची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दुपारी दीडला. तेव्हा चाणक्यला संध्याकाळी न जाता साडेअकराला जाऊन बसावं, टोपी आणि दोन बाटल्या जास्त घेऊन. उधाण नुकतंच होऊन गेलेलं असल्याने पाणीही जास्त चढतं. ऐरोलीची बोट त्या दिवशी सकाळी की दुपारी सुटते, ते आदल्या आठवड्यातच विचारून ठेवावं.